खाज थांबली म्हणजे नायटा गेला नव्हे

दोन-तीन आठवड्यांपूर्वी एका रात्री साडेदहाला नातवाचा फोन आला. पोलीस भरतीच्या तयारीसाठी तो पुण्यात राहतो. एका खोलीत सहा मुलं. पहाटे पाचला मैदान, मग अभ्यासिका, संध्याकाळी पुन्हा मैदान. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "आजोबा, जांघेत गोल गोल चट्टे आलेत. खाजेनं झोप लागत नाही. खोलीतल्या एकाकडे ट्यूब आहे. तो म्हणतो, दोन दिवसांत आराम पडतो. लावू का?"

मी म्हटलं, "आधी ट्यूबचा फोटो पाठव. मी सांगेपर्यंत हात लावू नकोस."

फोटो आला. अक्षरं मोठी करून वाचली आणि मनात आलं होतं तेच निघालं. त्यात बुरशीवरचं औषध होतं, जंतूंवरचं होतं आणि जोडीला क्लोबेटासोल नावाचं स्टेरॉइड होतं. ही ट्यूब मला चांगली ठाऊक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी 38 वर्षं मेडिकल चालवलं आणि अशा ट्यूबा माझ्या हातांनी विकल्या. म्हणून त्या रात्री नातवाला जे फोनवर सांगितलं, ते आता नीट बसून लिहितो आहे. त्याच्यासाठी, त्याच्या वयाच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आयांसाठीही.

पहिला कानमंत्र : लाजू नका आणि रक्ताला दोष देऊ नका

काउंटरवर नायट्याचं गिऱ्हाईक मी लांबून ओळखायचो. आत आलेला माणूस आधी डोकेदुखीची गोळी मागायचा. दुकान रिकामं होईपर्यंत बाजूला उभा राहायचा आणि मग पुढे झुकून म्हणायचा, "ते जरा खाजेचं द्या." बायका तर तेवढंही बोलत नसत. परकराच्या नाडीखाली कमरेभोवती, छातीखाली, जांघेत चट्टे पसरलेले असायचे आणि निरोप यायचा धाकट्या मुलाच्या हाती, चिठ्ठीवर.

नायटा, गजकर्ण, दाद या एकाच दुखण्याच्या नावांत लाजण्यासारखं काही नाही. ही बुरशी आहे. पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर, लोणच्याच्या बरणीत, भिंतीवर दिसते तिचीच ही एक लांबची नातलग. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. तो ज्या केराटिनचा बनतो, त्याचेच केस आणि नखं होतात. ही बुरशी ते केराटिन खाऊन जगते. तिला तुमच्या रक्ताशी, पोटाशी, वांग्याच्या भाजीशी काही देणंघेणं नाही. ऊब आणि ओल मिळाली की तिचं भागतं. म्हणूनच ती धडधाकट माणसाला होते. दिवसभर घाम गाळणारा मैदानावरचा मुलगा, हमाल, ड्रायव्हर, भट्टीसमोर उभा राहणारा आचारी, लावणीला वाकलेली बाई, ही सगळी निरोगी माणसंच.

"रक्त खराब झालंय, रक्तशुद्धीचं काहीतरी द्या," असं म्हणत माणसं महिनोन्‌महिने काढे पीत बसतात आणि इकडे चट्टा तळहाताएवढा होतो. आंबट सोडून नायटा गेलेला मी पाहिला नाही. वेळेवर दाखवून, नीट औषध लावून गेलेला मात्र पुष्कळ पाहिला.

दुसरा कानमंत्र : आधी ओळखा, मग लावा

नायट्याची खूण त्याच्या कडेला असते. चट्टा बाहेरच्या बाजूला वाढत जातो, मधली जागा निवळल्यासारखी दिसते आणि कड मात्र उंच, लालसर, बारीक खपल्यांची राहते. बुरशी त्या कडेवर जिवंत असते. हे लक्षात ठेवा, पुढे औषध लावताना कामी येईल.

पण प्रत्येक गोल चट्टा नायटा नसतो. एक माउली एकदा लग्नाच्या मुलीला घेऊन दुकानात आली. मुलीच्या मानेवर, पाठीवर, खांद्यावर फिकट पांढरे ठिपके होते. आईचे डोळे रडून सुजलेले. घरात कोणीतरी 'कोड' हा शब्द उच्चारला होता. मी मुलीला इतकंच सांगितलं, की नखानं एक ठिपका हलकेच खरवड. बारीक कोंडा सुटला. ती शिबं होती. शिबं करणारी बुरशी आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर असते. घाम आणि तेलकटपणा वाढला की ती माजते आणि त्या जागेचा रंग फिका किंवा गडद करते. मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी किटोकोनाझोलचा शॅम्पू अंगाला लावून काही मिनिटांनी धुवायला सांगितला आणि कोंडा गेला. डाग मात्र पुढे काही महिने राहिले, कारण मेलेल्या बुरशीच्या जागी रंग भरायला वेळ लागतो. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून माणसं औषध लागू पडलं नाही असं समजून डॉक्टर बदलत राहतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. चट्टा खाजत नसेल, फिकट किंवा लालसर असेल आणि त्या जागी स्पर्श, टोचणं, गरम-गार कळत नसेल, तर तो नायटा समजून मलम लावत बसू नका. तडक सरकारी दवाखान्यात जाऊन कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. तिथं औषध मोफत मिळतं आणि लवकर सुरू केलं तर हातपाय वाकडे व्हायची वेळ येत नाही.

तिसरी, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पुटकुळ्या असतील, रात्री खाज वाढत असेल आणि घरातली सगळीच खाजवत असतील, तर ती बहुधा खरूज. ती किड्यामुळे होते. तिचं औषध वेगळं.

शंका असेल तर तपासणी सोपी आहे. त्वचेचे डॉक्टर चट्ट्याच्या कडेवरच्या थोड्या खपल्या बोथट पात्यानं खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशी असेल तर तिचे धागे दिसतात. दुखत नाही, वेळही फार लागत नाही. फक्त जाण्याआधी काही दिवस मलम लावू नका, नाहीतर धागे सापडत नाहीत.

तिसरा कानमंत्र : ट्यूबच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा

हा माझा मुख्य कानमंत्र. बाकी सगळं विसरलात तरी हा विसरू नका.

एक जीपवाला पोरगा होता, पंचवीस-सव्वीस वर्षांचा. दिवसभर रेक्झिनच्या सीटवर बसून जांघेत नायटा झाला. माझ्याकडे आला, मी 'तीन औषधांची' ट्यूब दिली. चौथ्या दिवशी येऊन म्हणाला, "काका, जादू आहे." खाज गेली होती, लाली गेली होती. पंधरा दिवसांनी तो परत आला. मग दर पंधरवड्याला यायला लागला. मी ट्यूब देत गेलो, तो लावत गेला. आठ-नऊ महिन्यांनी एकदा दुकान बंद करताना आला आणि म्हणाला, "जरा बघा ना." आतल्या खोलीत दिव्याखाली पाहिलं. नायटा मांड्यांवर उतरला होता, मागे कुल्ल्यांवर गेला होता, पोटावर चढला होता. जांघेतली त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती आणि तिच्यावर बोटाएवढ्या रुंद लाल-जांभळ्या रेघा फाकल्या होत्या. बाळंतपणानंतर पोटावर उमटतात, तशा. त्या रेघा आयुष्यभर जात नाहीत. त्या मी दिलेल्या ट्यूबच्या होत्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशीपासून ती ट्यूब चिठ्ठीशिवाय द्यायचं मी बंद केलं. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं. जाऊ दिलं.

त्या ट्यूबमध्ये होतं स्टेरॉइड. ते बुरशी मारत नाही. बुरशी त्वचेत शिरली की शरीर तिच्याशी झगडतं, त्या झगड्याची लाली आणि खाज आपल्याला जाणवते. स्टेरॉइड तो झगडाच दाबतं. दारात चोर आल्यावर भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधून ठेवावं, तसं हे. घरात शांतता होते आणि चोराला रान मोकळं मिळतं. ट्यूब थांबवली की खाज दुप्पट होऊन येते, म्हणून माणूस पुन्हा ट्यूब आणतो. शिवाय गोल कडा पुसट होतात, चट्ट्यात चट्टे उठतात आणि मुरलेल्या डॉक्टरलाही नायटा चटकन ओळखू येत नाही.

म्हणून ट्यूब हातात घ्या आणि पाठीमागची अक्षरं वाचा. फोननं फोटो काढून मोठी करा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं, तर ती ट्यूब नायट्यावर लावायची नाही. शेवटी 'सोन', 'सोल' किंवा 'लोन' आलं की थांबायचं आणि विचारायचं. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, किटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल, टर्बिनाफिन ही बुरशीवरची औषधं. यांतलं एकच एक औषध असलेली ट्यूब हवी.

2018 साली केंद्र सरकारनं 14 स्टेरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आली. त्यासाठी आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं पुष्कळ आवाज उठवला होता. कायदा झाला. पण काउंटरवर कायदा पाळायचा की नाही, हे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघं मिळून ठरवतात. मागणारा थांबला की विकणाराही थांबतो.

याचं मोल आपण मोजतो आहोत. आपल्याकडे गेल्या दहा-बारा वर्षांत नायटा हटवादी झाला आहे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत जाणारा आता महिनोन्‌महिने ठाण मांडतो आणि घरभर पसरतो. त्यामागे बुरशीची एक वेगळी जात आढळली. भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांच्या त्वचेवरून मिळालेल्या नमुन्यांवरून जपानमधल्या संशोधकांनी 2020 साली तिला नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. त्या 'इंडो'मध्ये आपला देश आहे. तिच्या कित्येक वाणांवर टर्बिनाफिन चालत नाही. हे औषध बुरशीच्या ज्या एन्झाइमवर घाव घालतं, त्याची घडणच तिनं बदलून घेतली आहे. 2023 मध्ये न्यूयॉर्क शहरात दोन स्त्रियांना हा नायटा झाल्याची नोंद झाली. औषध अर्धवट घ्यायचं, वरून स्टेरॉइड फासायचं, अशी सवय एका गावात लागली तरी तिचा त्रास गावापुरता राहत नाही.

आणि ज्यांनी आधीच महिनोन्‌महिने अशी ट्यूब लावली आहे, त्यांनी घाबरून जाऊ नका. डॉक्टरांना खरं सांगा, ट्यूब सोबत न्या. ती सोडल्यावर सुरुवातीचे काही दिवस आग आणि खाज वाढते. ते दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली काढले की पुढची वाट सोपी होते.

चौथा कानमंत्र : कडेच्या बाहेरून लावा आणि बरं दिसल्यावरही लावा

मलम कसं लावायचं, हे दहांतल्या नऊ जणांना कोणी सांगितलेलं नसतं. सगळे खाजेच्या ठिकाणी, मधोमध चोळतात. बुरशी तर कडेवर आणि कडेच्या पलीकडे आहे. म्हणून चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या जाडीएवढी चांगली दिसणारी त्वचा धरून सुरू करायचं आणि बाहेरून आत यायचं. आतून बाहेर चोळलं तर आपणच बुरशी पसरवतो.

किती लावायचं? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून एक रेघ पिळा. तेवढं मलम बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं. म्हणजे चार तळहातांएवढा पसारा असेल, तर दिवसातून दोनदा लावताना 15 ग्रॅमची ट्यूब आठवड्याभरात संपणारच. महिनाभर एक ट्यूब पुरवणारा माणूस औषध लावत नसतो, नुसता हात फिरवत असतो.

आणि किती दिवस? खाज पाच-सहा दिवसांत कमी होते. तिथं शंभरातले बहुतेक जण थांबतात आणि तिथंच ठेच लागते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे औषध चालू ठेवायचं. त्वचेचा वरचा थर खालून नवा येऊन जुना झडायला साधारण महिना लागतो. तोवर जुन्या थरात बुरशीचे धागे शिल्लक असतात. आजच्या हटवादी नायट्याला तर चार-सहा आठवडे, कधी त्याहून जास्त द्यावे लागतात. कॅलेंडरवर खूण करा. आपल्या मनाला विचारून थांबू नका, तारखेला विचारून थांबा.

गोळ्या स्वतःच्या मनानं आणू नका. चट्टे पुष्कळ असतील, डोक्याच्या केसांत किंवा नखात असेल तर गोळ्या लागतातच, पण त्या डॉक्टरांनी द्यायच्या. त्यातल्या काहींसाठी यकृताकडे लक्ष ठेवावं लागतं, काही गरोदरपणात चालत नाहीत. इट्राकोनाझोलची कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यायची असते. पित्ताची गोळी सोबत घेतली तर कॅप्सूल नीट अंगी लागत नाही. दुसरं कुठलं औषध चालू आहे, हे डॉक्टरांना न विचारताच सांगा.

पाचवा कानमंत्र : अंग कोरडं ठेवा, तेच अर्धं औषध

आमची आई पावसाळ्यात दोन गोष्टींवर नजर ठेवायची. चुलीजवळच्या उतरंडीतलं मीठ आणि वलणीवरचे कपडे. दोन्हींनी ओल धरता कामा नये, म्हणायची. तिला बुरशी ठाऊक नव्हती, पण ओलीचा स्वभाव ठाऊक होता.

आंघोळीनंतर पंचानं टिपून घ्या, रगडू नका. जांघ, काख, पायाच्या बोटांच्या बेचक्या, छातीखालची घडी, या जागा सगळ्यांत शेवटी राहतात आणि ओल्याच राहतात. दोन मिनिटं पंख्याखाली उभं राहा, मग कपडे घाला. ओल्या अंगावर पावडर थापू नका, तिचा चिखल होतो. चट्ट्याची जागा पुसायला वेगळा रुमाल ठेवा आणि ती शेवटी पुसा.

मैदानावरून आल्यावर घामाची बनियन, चड्डी तशीच अंगावर ठेवून अभ्यासाला बसू नका. नायलॉनची घट्ट पँट आणि अंगाला चिकटलेली जीन्स काही दिवस बाजूला ठेवा. सुती, सैल कपडे घाला, रात्री लुंगी लावून झोपा. पायांना बुरशी असेल तर कपडे घालताना आधी मोजे घाला, मग चड्डी. पायावरून चड्डी वर ओढताना बुरशी थेट जांघेत पोहोचते. फार साधी गोष्ट आहे, पण मला ती कळायला वीस वर्षं गेली.

बूट एकच जोड रोज घालू नका. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून घाला, म्हणजे प्रत्येकाला वाळायला एक दिवस मिळतो. नसेल शक्य, तर रात्री आतला पट्टा काढून बूट उघडे ठेवा.

आणि आता करगोटा. आमच्या भागात मुलाच्या कमरेला काळा करगोटा असतोच. एका शाळकरी मुलाला कमरेभोवती नायट्याचा पट्टा आला होता. औषध बरोबर होतं, आई नेमानं लावत होती, तरी महिन्यानं पुन्हा उठायचा. मी करगोटा बोटानं उचलून पाहिला. घामानं कडक झालेला, वर्षानुवर्षं न बदललेला दोरा आणि त्याच्या पिळात अडकलेल्या पांढऱ्या खपल्या. औषध त्वचेवर लागत होतं आणि बुरशी दोऱ्यात बसली होती. आईला म्हटलं, "देवाला नमस्कार करून काढा. पोर बरं झाल्यावर नवा बांधा." तिनं काढला आणि त्या खेपेला नायटा गेला तो परत आला नाही. हीच गोष्ट हातातल्या गंड्याची, घट्ट अंगठीची, घड्याळाच्या पट्ट्याची. श्रद्धेला धक्का लावायचा नाही, पण तो दोरा बरं होईपर्यंत अंगावर ठेवायचा नाही.

सहावा कानमंत्र : एकट्यानं औषध घेऊ नका

घरात एकाला नायटा असेल, तर बाकीच्यांचं अंग पाहा. नवऱ्यानं औषध घेतलं आणि बायकोनं लाजेनं सांगितलं नाही, तर सहा आठवड्यांनी नवऱ्याला तो बायकोकडून परत मिळतो. मग भांडण औषधाशी. ज्यांना ज्यांना आहे, त्यांनी एकाच वेळी सुरू करा आणि एकाच वेळी संपवा.

खोलीत सहा मुलं असतील, तर सहा पंचे हवेत. टॉवेल, चड्डी, कंगवा, रेझर, अंग घासायची घासणी, अंथरूण, यांतलं काही एकमेकांचं वापरायचं नाही. मैत्री डब्यात दाखवा, टॉवेलात नको. गळून पडलेल्या खपल्यांत बुरशी महिनोन्‌महिने तग धरते. म्हणून कपडे वेगळे धुवा. चांगल्या कडक पाण्यात, 60 अंशांच्या आसपास, अर्धा तास भिजवा आणि उन्हात उलटे करून वाळत घाला. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री करा. कपडा उलटा करून शिवणीवरून, विशेषतः जांघेच्या आणि कमरेच्या शिवणीवरून इस्त्री फिरवा. दमट चड्डी अंगावर वाळवायची सवय सोडा.

घरात मांजराचं पिल्लू असेल आणि मुलांच्या हातावर, गालावर गोल चट्टे उठले, तर पिल्लाच्या कानामागे, तोंडाभोवती केस गेलेत का पाहा. त्यालाही जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. पिल्लाला घराबाहेर काढायची गरज नाही. आणि मुलाच्या डोक्यात केस तुटून खपल्यांचा चट्टा दिसला, तर तिथं नुसतं मलम पुरत नाही. मुळाशी पोहोचायला पोटातून औषध लागतं.

सातवा कानमंत्र : चिखल्या आणि नखं हलक्यात घेऊ नका

लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून चिरतात. चिखल्या म्हणजे शेतकऱ्याच्या पायाचा दागिना, असं समजून कोणी बघत नाही. पण त्या चिरेतून दुसरे जंतू शिरतात, पाय लालबुंद सुजतो, थंडी वाजून ताप येतो. कोकणात तर पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप असतोच आणि त्याचे जंतूही अशाच चिरांतून आत जातात. शेतातून आलं की पाय साबणानं धुवा, बेचक्या कोरड्या करा, औषध लावा. चिखल्या असताना ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नखाची बुरशी सगळ्यांत चिवट. नख जाड, पिवळट, भुसभुशीत होतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं साधारण त्याच्या निम्मंच. म्हणून पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष जातं. तोवर धीर धरावा लागतो. दिवसभर धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या नखाच्या मुळाशी सूज येऊन नखुरडं होतं आणि ते रेंगाळतं, तिथंही हात कोरडे राहिल्याशिवाय औषध लागू पडत नाही.

आणि एक. जांघेत, लघवीच्या जागी पुन्हा पुन्हा पांढरा थर येऊन खाज सुटत असेल, तहान फार लागत असेल, तर साखर तपासून घ्या. धडधाकट समजत असलेल्या माणसाला मधुमेह असल्याचं असं कळलेलं मी काउंटरवरून पाहिलं आहे.

आठवा कानमंत्र : जुन्याला मान द्या, पण जाळून घेऊ नका

पहिल्या पावसानंतर आमच्याकडे बांधावर टाकळा उगवतो. त्याची कोवळी भाजी कांदा-खोबरं घालून होते. आयुर्वेदात या टाकळ्याचं नाव चक्रमर्द. त्याचंच दुसरं नाव दद्रुघ्न, म्हणजे दादेचा नाश करणारा. आपल्या पूर्वजांनी हे दुखणं किती जवळून पाहिलं होतं, ते त्या नावातच आहे. एकोणिसाव्या शतकात नायट्यावर 'गोवा पावडर' प्रसिद्ध होती. नाव गोव्याचं, पण ती पूड ब्राझीलमधल्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातली, पोर्तुगिजांच्या वाटेनं इकडे आलेली. ती नायट्यावर गुण द्यायची, पण कातडी भाजायची, कपडे डागाळायची, डोळ्यांना लागली तर डोळे सुजवायची. तेव्हा दुसरं काही नव्हतं म्हणून माणसं ती सोसत होती.

आज सोसायची गरज नाही. तरी अजून माणसं लसूण ठेचून बांधतात, चुना लावतात, रॉकेल चोळतात, बॅटरीचं पाणीसुद्धा लावतात. मी अशी भाजलेली जांघ पाहिली आहे. वरची कातडी जाते, जखम होते, बुरशी कडेला तशीच राहते. टाकळ्याची भाजी आवडीनं खा. चट्ट्यावर मात्र तपासून दिलेलं औषधच लावा.

शेवटचं सांगणं

नातवाला त्या रात्री मी हेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात गेला. खपल्या तपासल्या, बुरशी निघाली, औषध सुरू झालं. आता तिसरा आठवडा आहे. खाज गेली आहे, चट्टे फिके पडले आहेत. काल म्हणाला, "आजोबा, आता बंद करू का? बरं वाटतंय."

मी म्हटलं, "बाळा, बरं वाटणं आणि बरं होणं यांत अजून तीन आठवडे आहेत. कॅलेंडर बघ."

तुम्हालाही तेवढंच सांगतो. आज घरी गेल्यावर कपाटातली, उशीखालची, आंघोळीच्या खोलीतल्या फळीवरची ती अर्धी वापरलेली ट्यूब शोधा. पाठीमागची अक्षरं वाचा. 'सोन', 'सोल', 'लोन' असेल आणि ती डॉक्टरांनी तुम्हाला लिहून दिलेली नसेल, तर ती दुसऱ्या कोणाला देऊ नका. आणि चट्टा असेल, तर उद्या सकाळी जाऊन दाखवा. लपवलेला नायटा वाढतो, दाखवलेला जातो.